घासणीला लागलेलं काळं

आमच्या दवाखान्यात यंत्रांना वर्षातून एक दिवस देव मानायचे आणि बाकीचे दिवस गडी. मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. म्हणजे डॉक्टरांच्या समोर उभं राहायचं, ते मागतील ते हत्यार त्यांच्या हातात ठेवायचं, आणि चुकीचं ठेवलं तर बोलणी खायची. बरोबर ठेवलं तर काही मिळायचं नाही. या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातलं एक वर्ष मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

मी मूळची बाभुळगावची. नर्सिंग यवतमाळला केलं आणि लग्न होऊन उमरखेडला आले. जिल्हा तोच, पण माहेरी जायचं तर यष्टीत दिवस मोडायचा. उमरखेडचं माणूस जरा जास्त आजारी पडलं की नांदेडची गाडी धरायचं. म्हणून आमच्या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनचं यंत्र आणलं तेव्हा रस्त्यावर मोठा बोर्ड लावला: ‘आता नांदेडला कशाला?’ बोर्डावर डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांच्या मागे यंत्र. यंत्र कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या दवाखान्याने वापरून काढून टाकलेलं होतं. बोर्ड मात्र कोरा करकरीत होता.

कापसाचे वाईट दिवस होते ते. जिल्ह्यात कोणीही उठून यायचं. मंत्री यायचे, अभ्यासक यायचे, कॅमेरेवाले यायचे, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून हातवारे करत बोलायचे आणि जेवणाच्या वेळेला गाडीत बसून निघून जायचे. ज्या शेतकऱ्यांनी जीव दिला त्यांची चौकशी जोरात चालली होती. ज्या बाया दिवसभर कापूस वेचून पोटातली कळ दाबत घरी जायच्या त्या जिवंत होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी कॅमेरा फिरवला नाही. कित्येकींच्या पित्ताच्या पिशवीत खडे असायचे. पण वेचणी आटोपल्याशिवाय घरात दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमचं थिएटर जवळजवळ बंद असायचं आणि माघात बायांची रांग लागायची.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटाला तीन-चार भोकं पाडायची. एका भोकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून हातभर लांब दांड्या. त्यातल्या एका दांडीला आम्ही हुक म्हणायचो. टोकाला बारीक आकडा, बाकी दांडीवर काळं आवरण. डॉक्टरांनी पायाखालचं पेडल दाबलं की टोकात करंट येतो, टोक मांस कापतं आणि जाळून रक्तही थांबवतं. करंट टोकातच राहावा, वाटेत कुठे फुटू नये, म्हणून ते काळं आवरण. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

थिएटरच्या बाहेर डॉक्टरांनी एक टीव्ही बसवला होता. आत काय चाललंय ते नातेवाइकांना त्यावर दिसायचं. शेजारच्या पेशंटचे नातेवाईकही येऊन बसायचे, कोणी शेंगा खायचं. एकदा एका गृहस्थाने स्वतःच्या बायकोचं काळीज बघून चित्र साफ दिसतंय म्हणून समाधानाने मान डोलावली होती. ते काळीज नव्हतंच, यकृत होतं, पण त्याचा आनंद कोणी घालवला नाही. त्या चित्रात हुकाचं फक्त टोक दिसायचं. वीतभर दांडी पोटाच्या आत पण चित्राच्या बाहेर असायची आणि तिथे काय होतंय ते ना नातेवाइकांना दिसायचं, ना डॉक्टरांना.

आता त्या देव मानायच्या दिवसाचं सांगते. खंडेनवमीला डॉक्टर सगळ्या हत्यारांची पूजा करायचे. टेबलावर लाल कापड घालून कात्र्या, चिमटे, दुर्बीण, हुक, सगळं मांडायचं. करंटच्या यंत्राला झेंडूचा हार. यंत्राच्या डोक्यावर पाण्याने भरलेला तांब्या, त्यावर नारळ. करंटच्या यंत्रावर पाणी ठेवायची हिंमत मी आणखी कुठे पाहिली नाही. पेडललाही हळदकुंकू लागायचं आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभर त्यावर पाय. ताटाची तयारी माझ्याकडे असायची. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत, त्यामुळे कोणत्या बोटाने कुंकू लावतात इथपासून मला शिकावं लागलं. ते शिकवलं आमच्या मावशीने.

मावशी दवाखान्यात झाडू-पोछा करायची, हत्यारं धुवायची, पेशंटला मांडीवर घेऊन पाणी पाजायची. पगार एका कामाचा होता. माझी मुलगी झाली तेव्हा माहेराहून कोणी येऊ शकलं नाही. मावशीने सव्वा महिना रोज घरी येऊन बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं आणि मला शेक दिला. माझं तिच्याशी नातं लागत नव्हतं, जातही एक नव्हती. उमरखेडात माझं माणूस म्हणावं असं तेवढं एकच होतं.

त्या वर्षी पूजा जरा जास्तच झाली. भटजींनी ओलं कुंकू हात मोकळा सोडून लावलं आणि ते दिवसभरात हत्यारांवर वाळून बसलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गावातली मोठी माणसं सोनं द्यायला येणार आणि डॉक्टर त्यांना थिएटर दाखवणार होते. सगळं चकाचक दिसलं पाहिजे असा हुकूम झाला. साध्या ब्रशने कुंकू निघेना. मावशीने तिच्या पिशवीतून भांडी घासायची तारेची घासणी काढली. मी तिला थांबवायला हवं होतं. मी तिला म्हटलं, दुसरी आहे का?

दोघी मोरीजवळ पाटावर बसलो आणि घासलं. हुक माझ्या वाट्याला आला होता. काळ्या दांडीवर कुंकवाचे लाल पट्टे होते. मी जोर लावला तसे ते निघाले आणि घासणीला काळं लागायला लागलं. मी घासणी वर धरून मावशीला दाखवली. म्हटलं, बघा, किती मळ होता. मावशीने मान हलवली आणि मी आणखी थोडा मळ काढला.

दसऱ्याला हत्यारं अशी चमकली की डॉक्टरांनी पाहुण्यांसमोर माझं नाव घेतलं. त्या नोकरीत माझं झालेलं ते एकमेव कौतुक.

माघात पहिली बाई आली. तिशी ओलांडलेली, हाताची बोटं बोंडांनी ओरखडलेली. ऑपरेशन तासाभरात झालं, टीव्हीसमोरच्या मंडळींना आवडलं, तिसऱ्या दिवशी ती चालत घरी गेली. पाचव्या दिवशी तिला जीपमध्ये आडवी घालून आणली. अंगात ताप, पोट दगडासारखं कडक. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि नांदेडची चिठ्ठी लिहिली. बोर्डासमोरूनच जीप नांदेडला गेली.

तिथे तिचं पोट उघडलं. आतड्याला भोक पडलं होतं. बाई वाचली, पण पोटावर पिशवी लावावी लागली आणि पुढे कित्येक महिने तिचं शौच त्या पिशवीतून होत राहिलं. तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी शेजारी ट्रे लावत होते. भोकाच्या कडा भाजल्यासारख्या आहेत असं ते म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी ‘अच्छा, अच्छा’ म्हणून फोन ठेवला आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना विचारलं, घरी गेल्यावर हिला खायला काय दिलं होतं? सासूने घाबरत सांगितलं, वांग्याची भाजी. झालं. गुन्हेगार सापडला. वांग्याने आतड्याला भोक पाडलं हे सासूला पटलं, नवऱ्याला पटलं, साऱ्या वॉर्डाला पटलं. त्यानंतर आमच्या दवाखान्यातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला वांगी खायची नाहीत असं बजावून सांगितलं जाऊ लागलं, आणि सांगायचं काम माझं होतं.

माझ्या डोक्यातून मात्र त्या भाजलेल्या कडा जाईनात. दुपारी थिएटरमध्ये कोणी नसताना मी हुक खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या दांडीवर तीन ठिकाणी मोहरीएवढे पांढरे ठिपके चमकत होते. आतलं लोखंड. घासणीला लागलेलं काळं डोळ्यांसमोर आलं. मी त्या दिवशी मळ काढला नव्हता. मी त्या बाईचं आतडं भाजायची तयारी करून ठेवली होती आणि वर कौतुकही घेतलं होतं.

डॉक्टरांना मी हुक दाखवला. घासणीचं सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. ते म्हणाले, असं सगळीकडेच असतं, थोडं खरवडलं म्हणून काय होतं? नवा मागवू कधीतरी. तोवर मोटर वायंडिंगवाल्याकडे जा आणि यावर एखादी प्लास्टिकची स्लीव्ह चढवून आण. मला पटलं नाही, पण मी गेले.

वायंडिंगवाला भाऊ विहिरीतल्या पंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचा. दुकानात जळक्या तारेचा आणि व्हार्निशचा वास. त्याने हुक हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, हे कायचं? मी सांगितलं. स्लीव्ह काढायच्या आधी त्याने कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर कापूस ओढला. त्याच्या घरचाच होता, बाजारात नेण्याच्या लायकीचा भाव नव्हता म्हणून पडलेला. तो पाण्यात बुडवून पिळला आणि दांडीभोवती गुंडाळला. मग मेगर काढला. मेगर म्हणजे दांडा फिरवायची एक पेटी, वर काटा असतो. मोटरच्या तारेचं आवरण शाबूत असेल तर काटा वर राहतो, फुटलं असेल तर खाली पडतो. त्याने एक चिमटा हुकाच्या टोकाला लावला, दुसरा ओल्या कापसाला, आणि दांडा फिरवला. काटा शून्यावर जाऊन पडला.

त्याने कापूस सरकवून दुसऱ्या ठिकाणी लावला. पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी त्याने दांडा फिरवलाच नाही.

“ताई, मोटर असती त मी हे पान्यात सोडली नसती,” तो म्हणाला. “तुमी मानसाच्या पोटात कशी सोडून राह्यले?”

मी विचारलं, स्लीव्ह बसेल का? तो म्हणाला, बसवली तर दांडी जाड होईल, तुमच्या भोकातून जाणार नाही, आणि आतमध्ये निसटली तर कोण शोधेल? त्याने हुक माझ्या हातात परत दिला. जळालेली मोटर परत देताना तो जसं तोंड करायचा तसंच तोंड त्याने केलं होतं. साऱ्या तालुक्यात करंटची चाचणी घेणारा एकच माणूस होता आणि तो विहिरीतल्या मोटरींची घेत होता.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. आता सर्जरी मोटरवाल्याकडून शिकायची का, असं त्यांनी विचारलं. नवा हुक मुंबईहून यायला वेळ लागेल, तोवर सांभाळून वापरू, असं ठरलं. सांभाळून वापरायचं म्हणजे काय, ते विचारायची माझी पायरी नव्हती. त्या महिन्यात आणखी चार बायांची ऑपरेशनं झाली. चारही वेळा डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी त्यात तो हुक ठेवला.

मध्येच डॉक्टरांच्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत खडे निघाले. सबंध दवाखान्याला वाटलं, आता आपल्या यंत्राचं भाग्य उजळलं. मॅडम आठ दिवसांत हैदराबादला जाऊन ऑपरेशन करून आल्या. डॉक्टर म्हणाले, तिचं माहेर तिकडचं, तेवढाच आराम. माहेर अमरावतीचं होतं. मी त्यांचे रिपोर्ट पिशवीत भरून दिले आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

होळीच्या आधी मावशीची पाळी आली. तिला वर्षभर कळा येत होत्या आणि ती त्यावर ओव्याचं पाणी पीत होती. डॉक्टरांनी फुकट करून देतो म्हटलं. ते मनाचे वाईट नव्हते हेही सांगायला हवं. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. मावशी भलतीच खुश झाली. आजवर तिने दुसऱ्यांची हत्यारं धुतली, आता तीच हत्यारं तिच्यासाठी निघणार होती. बाहेरच्या टीव्हीवर आपलं पोट दिसणार म्हणून तिने दोन जावांना बोलावून ठेवलं.

आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, मावशी, आपण नांदेडला जाऊ. मी रजा टाकते, सोबत येते. तिला राग आला.

“कायले? इथं तुमी हायेत ना,” ती म्हणाली. “सायबाच्या हातात तुमी देता. मंग मले कायचं भेव?”



सकाळी नऊला ऑपरेशन होतं. आठला मी वायंडिंगवाल्याच्या दुकानात गेले. मी काही मागायच्या आधीच त्याने मेगर कापडी पिशवीत घालून दिला आणि वर थोडा कापूस टाकला. थिएटरमध्ये डॉक्टर होते आणि पुसदहून गाडीने आलेले भुलीचे डॉक्टर होते. मावशी अजून बाहेर होती. मी ट्रेवरचा हुक उचलला, कापूस ओला करून गुंडाळला, चिमटे लावले आणि दांडा फिरवला. चिमटा दोनदा सुटला, तो पुन्हा लावला. काटा शून्यावर पडला तेव्हा मी भुलीच्या डॉक्टरांकडे बघितलं, आमच्या डॉक्टरांकडे नाही.

आमच्या डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. हे मोटरचं खेळणं थिएटरमध्ये कोणी आणायला सांगितलं, असं ते म्हणाले. मी घासणीपासून सगळं सांगून टाकलं. भुलीच्या डॉक्टरांनी जवळ येऊन काटा पाहिला. मग म्हणाले, “हा हुक वापरणार असाल तर मी भूल देत नाही.”

ते ऑपरेशन जुन्या पद्धतीने झालं. बरगडीखाली वीतभर चीर. डॉक्टरांचा हात जुन्या पद्धतीला फार चांगला होता, हे मी विसरलेच होते. मावशीला मी सांगितलं, यंत्र बिघडलं. टीव्ही बंद राहिला, जावा हिरमुसून घरी गेल्या.

मावशी बरी झाली आणि मग तिने मला छळलं. सगळ्या गावच्या बायांचं चार भोकांत भागलं आणि वर्षानुवर्षं राबलेल्या मावशीला मात्र उभी चिरली, हे तिने येईल त्याला पदर बाजूला करून दाखवलं. महिनाभर तिला बादली उचलता आली नाही, त्याचाही दोष माझाच. माझ्याशी ती तुटक बोलायला लागली. नवा हुक पुढच्या महिन्यात आला. जुना मी स्वतः दगडाने ठेचला, त्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत. मोरीजवळ मात्र तारेच्या घासणीवर बंदीचा कागद लागला आणि त्याखाली सही डॉक्टरांची होती, जणू शोध त्यांचाच.

हल्ली ऐकते की मोठ्या शहरांत रोबोट ऑपरेशन करतो, त्याला चार हात असतात. असतील. त्या हातांवरही कसलं तरी आवरण असणार आणि ते हात संध्याकाळी कोणीतरी धुणार. मला त्या धुणारीची काळजी वाटते.

मावशीचं ते तुटक बोलणं मला सहन झालं नाही. पुढच्या खंडेनवमीला दोघी मोरीजवळ हत्यारं धूत होतो, हातात मऊ ब्रश होते. मी तिला सगळं सांगितलं. काळं कशाचं होतं, काटा कुठे पडला, तिची चीर मोठी का झाली. मला वाटलं, ती माझा हात धरेल. मी तिला वाचवलं होतं. खरं सांगायचं तर मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

मावशीने पुढचा चिमटा घासायला घेतला. मग म्हणाली, “मंग ते वांग्यावाली बाई?”

मी म्हटलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

“आन तिच्यामागच्या चौघी? तवा त ठाऊक होतं ना तुमाले.”

चौघींची फरशी तिनेच पुसली होती. माझ्याकडे उत्तर एकच होतं. म्हटलं, मावशी, त्यांच्यातली कोणी परत आली नाही.

“आल्या नाही म्हंजे बऱ्या झाल्या का?” मावशीने विचारलं, आणि चिमटे पुसून ट्रेमध्ये लावायला लागली.

डॉक्टरांनी आपलं माणूस हैदराबादला नेलं. मी माझ्या माणसाला चिरून घेतलं. ज्या चौघी कोणाच्याच नव्हत्या त्यांच्या वेळी आम्ही दोघंही गप्प होतो. त्यांची नावं आणि गावं थिएटरच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. दोन गावं ढाणकीच्या वाटेवर, एक पैनगंगेच्या काठी, एक महागावकडे. सगळीकडे यष्टी जायची. मी एकाही गाडीत बसले नाही.